जरासेंचा लाल ठिपका

सलून दोन खुर्च्यांचं. एका खुर्चीत गिऱ्हाईक, दुसरीत जुनी वर्तमानपत्रं आणि मधे कात्री घेऊन उभे जरासे. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. हात चांगला, कात्री धारदार, पण काम संपलं म्हणून कात्री खाली ठेवणं त्यांच्या जिवावर यायचं. "झालंच, जरासं इकडून घेतो," म्हणत उजवा कल्ला उतरवायचे, की डावा लांब दिसायचा. डावा उतरवला, की उजवा. एकदा एक भला माणूस मिशीला आकार द्यायला आला आणि मिशी सलूनमध्येच ठेवून गेला. घरच्या कुत्र्यानं त्याला फाटकाच्या आत घेतलं नाही म्हणतात. तेव्हापासून यांचं नाव जरासे पडलं ते पडलंच.

रविवारी मात्र सलूनला कुलूप. गावाबाहेर बंद पडलेल्या वीटभट्टीच्या शेडमध्ये छर्ऱ्याच्या बंदुकांचा क्लब होता, आणि तिथं जरासे आणि त्यांचे साडू ही जोडी ठरलेली. साडू नळ जोडणारे. माणूस पाण्याच्या टाकीएवढा आणि तेवढाच स्थिर. वर्षातून एकदा जोड्यांची स्पर्धा व्हायची. तळहाताएवढ्या टिनाच्या चकत्या ओळीनं उभ्या. प्रत्येकाला पाच चकत्या आणि पाचच छर्रे. लागला की टण् करून चकती आडवी. ही जोडी कधी पहिली आली नाही आणि कधी शेवटीही राहिली नाही. घरी परतताना साडूंच्या गाडीत दोघं त्या दहा छर्ऱ्यांवर असं बोलायचे, की एखाद्याला वाटावं लढाई जिंकून आलेत.

मग चाळिशी उलटली आणि जरासेंचे डोळे फितूर झाले. नळीच्या टोकाला नेम धरायचा जो बारका उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. ती माशी आता कापसाच्या बोळ्यासारखी दिसायची. माशी नीट बघावी तर चकती पुसट, चकती बघावी तर माशी गायब. मागच्या स्पर्धेत पाचांतली एकच चकती पडली, आणि तीही शेजारच्याची.

त्यानंतर साडू सलूनचा गळका नळ बघायला आले, बेसिनखाली अर्धे शिरले आणि तिथूनच बोलले.

"साडू, तोंडावर सांगतो, मागनं कुजबुज नको. यंदाही असंच झालं तर पुढच्या वर्षी मी दातवाल्या डॉक्टरला जोडीला घेणार. तो विचारतोय."

"तोंडावर कुठं? बेसिनखालून सांगताय."

"ऐकू आलं ना?"

आलं होतं. समोरच्या गिऱ्हाइकालाही आलं. जरासेंनी त्याचा बरोबर झालेला कल्ला पुन्हा उतरवला. चकत्या गेल्या खड्ड्यात, पण रविवारची ती गाडी, ते बोलणं? तिथं दातवाला बसणार?

त्यांची बायको गोदामात फोर्कलिफ्ट चालवायची. माल असो की शब्द, नेमक्या जागी नेऊन ठेवणारी बाई. ती म्हणाली, "अहो, डोळे काही बदलून मिळायचे नाहीत. नेम धरायची तऱ्हा बदला. चला दुकानात."

बंदुकांचं दुकान एका वयस्कर बाईंचं. नाकावर चष्मा, चष्म्यावरून नजर. जरासेंनी गाऱ्हाणं सांगितलं, "आणि स्वस्तात बसवा" असंही सांगितलं. बाईंनी काउंटरवर तीन रिफ्लेक्स साइट, म्हणजे नेम धरायला बंदुकीवर बसवायची साधनं, मांडल्या. बोटभर लांबीच्या वस्तू, वर एक काचेची इवलीशी खिडकी.

जरासेंनी पहिली उचलली. प्लास्टिकची, चकाचक, लाल दिवा, हिरवा दिवा, चार तऱ्हेच्या खुणा. "ही झकास आहे!"

"नातवाला न्यायची असेल तर न्या," बाई म्हणाल्या. "तुमची बंदूक स्प्रिंगची. तिचा धक्का पुढूनही बसतो आणि मागूनही. चार रविवारांत हिचे सांधे खिळखिळे होतील."

दुसरी बायकोनं उचलली, खालचं किमतीचं लेबल वाचलं आणि तापलेल्या तव्यावर बोट पडल्यासारखी परत ठेवली.

तिसरी साधी, काळी, धातूची. एक बटण, ठिपका सरकवायचे दोन स्क्रू, ते फिरवायला एक काटकोनी बारकी किल्ली. बाईंनी ती उलटी केली. "आधी बूड बघायचं. खालची खोबण तुमच्या बंदुकीवरच्या पट्टीला बसते का? बसत नसेल तर फुकट मिळाली तरी महाग. ही बसते. आता आतून बघा. भिंतीवरच्या घड्याळावर ठिपका ठेवा आणि मुंडी जराशी हलवा."

"जराशी" हा शब्द कानावर पडताच जरासे खुलले. खिडकीतून बघितलं. घड्याळावर लाल ठिपका, कुणी कुंकवाचं बोट टेकवावं तसा. मुंडी हलवली तरी ठिपका घड्याळ सोडीना.

"अगं, हा तर लांब तिकडं दिसतोय! नळीवर नाहीच!"

"तेच तर," बाई म्हणाल्या. "चकती आणि ठिपका एकाच अंतरावर असल्यासारखे दिसतात. डोळ्यांची ओढाताण नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवा, एक मिटायचा नाही. ठिपका मंद ठेवा. आणि ऐका, एका छर्ऱ्यावरून स्क्रू फिरवायचा नाही. एकाच जागी नेम धरून पाच मारा, ते कुठं जमले ते बघा आणि मगच हात लावा."

"कळलं," जरासे म्हणाले. आता कळलं म्हणायला जीभ लागते आणि कळायला वेळ लागतो.

रविवारी साइट बंदुकीवर चढली. जरासेंनी ठिपका पूर्ण प्रखर केला. तो एवढा फुगला, की चकती टोमॅटोमागं लपल्यासारखी झाली. पहिला छर्रा कागदावर डावीकडं लागला. "जरासं उजवीकडं घेतो." किल्ली फिरली. दुसरा उजवीकडं गेला. "हां, जास्त झालं, जरासं डावीकडं." तिसरा वर. चौथा खाली. दर छर्ऱ्यामागं किल्ली, दर किल्लीमागं "जरासं". दुपारपर्यंत कागदाची चाळणी झाली; फक्त मधला काळा गोल तेवढा शाबूत. शेवटी स्क्रू करकरला आणि पुढं फिरेचना.

शेजारच्या रांगेतून दातवाला म्हणाला, "जरासे, मध्यभागाला भूल देऊन ठेवलीय का?"

साडू हसले नाहीत. ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी जरासे बंदूक पिशवीत घालून तावातावानं दुकानात. मागोमाग बायको. "बाई, फसवलंत! ठिपका दारुड्यासारखा झुलतोय!"

बाईंनी साइटचे दोन्ही स्क्रू मोजून मधोमध आणले, ठिपका मंद केला आणि मागच्या बोळात, जिथं बंदुका तपासायची सोय होती, तिथं वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवली. मग जरासेंना बाजूला सारून बायकोला म्हणाल्या, "तुम्ही मारा. काळ्या गोलावर ठिपका, पाचही वेळा तिथंच."

"मी? मी आयुष्यात..."

"म्हणूनच."

बायकोनं बंदूक धरली, ती फोर्कलिफ्टचा दांडा धरावा तशी. घाई नाही, धसमुसळेपणा नाही. पाच छर्रे. कागद आणला तर पाचही भोकं एका बटणाएवढ्या जागेत, पण सगळी वरच्या डाव्या कोपऱ्यात.

"बघा," जरासे उसळले, "लागलंच नाही मध्ये!"

"मध्ये लागलं नाही, पण एका जागी लागलं," बाई म्हणाल्या. "वस्तू प्रामाणिक आहे. चुकते ती एकसारखीच चुकते. आता ती चूक एकदाच काढायची." किल्ली उचलली, स्क्रू फिरवले. बायकोनं आणखी पाच मारले. काळ्या गोलाच्या पोटात भोक पडलं, पाचांचं मिळून एक.

जरासे त्या भोकाकडं बघत राहिले. सलूनमधला आरसा रोज जे सांगत होता, ते आज कागदानं सांगितलं. "म्हणजे मी दर वेळेस माझ्याच हाताच्या मागं धावत होतो?"

"आणि हात तुमच्या मागं," बायको म्हणाली. तिनं काउंटरवरची किल्ली उचलून आपल्या कामाच्या कोटाच्या आतल्या खिशात टाकली. "ही आता माझ्याकडं."

"अगं, लागली तर?"

"लागणार नाही."

साडूंच्या घरी ही बातमी दोन्ही बहिणींमार्फत जरासेंच्या आधी पोचली. साडूंनी फोन केला. "दहापैकी दहा मेहुणीनं मारले म्हणे. दातवाल्याचं राहू द्या, मी तिलाच घेतो जोडीला."

"भाऊजी, मला रविवारी झोपायचं असतं," बायकोनं लांबूनच ओरडून सांगितलं.

मग जरासेंचा सराव सुरू झाला. रिकामी बंदूक, घराच्या भिंतीवरचं दिव्याचं बटण आणि दोन्ही डोळे उघडे. डावा डोळा सवयीनं मिटायचा. बायको समोरच्या खुर्चीत बसून ओरडायची, "मिटला! मिटला!" जेवताना, चहा पिताना, कुणाचे केस धुताना गडी दोन्ही डोळे वटारून बसायला लागला. एका गिऱ्हाइकानं विचारलंच, "माझ्यावर राग आहे का?"

स्पर्धेच्या सकाळी शेड गच्च भरलं. दातवाल्याच्या जोडीनं आधी मारून दहातल्या नऊ चकत्या पाडल्या होत्या. मग साडू उभे राहिले. टण्, टण्, टण्, टण्, टण्. नळाचे आटे बसवावेत तशा पाच चकत्या बसवून बाजूला झाले.

जरासेंनी बंदूक उचलली. ठिपका पहिल्या चकतीवर आला, बारीक, शांत. आणि शांत ठिपका बघूनच गडी गडबडला, घोडा खसकन् ओढला. छर्रा चकतीच्या डावीकडं लाकडी चौकटीत रुतला.

उजवा हात आपोआप खिशाकडं गेला. खिशात रुमाल. जरासेंनी मागं वळून, झोप मोडून आलेल्या बायकोकडं बघितलं. "अगं, डावीकडं जातंय. जरासंच..."

बायको छपराचे पत्रे मोजत होती.

"नळ गळत नसेल तर पाना लावायचा नाही," साडू पुटपुटले. "पुढं बघा."

जरासे पुढं वळले. ठिपका होता तिथंच होता. खेचला होता तो त्यांनीच. स्क्रूला काय बोल लावायचा? त्यांनी श्वास सोडला, दोन्ही डोळे उघडे ठेवले आणि घोडा इतका हळू दाबला, की बंदूक कधी सुटली ते त्यांनाही कळलं नाही. टण्. तिसरी टण्. चौथी चकती क्षणभर विचार केल्यासारखी डुलली आणि पडली. मग पाचवी. टण्!

दहातल्या नऊ. बरोबरी! मग पंचांनी वेळ बघितली. दातवाल्याच्या जोडीला कमी वेळ लागला होता. जरासे आणि साडू दुसरे.

जरासेंनी बंदूक मोकळी करून पिशवीत घातली. साडूंकडं बघायची हिंमत होईना. पहिला छर्रा वाया गेला नसता तर... तेवढ्यात दातवाला करंडक काखेत मारून आलाच.

"काय मग," तो साडूंना म्हणाला, "पुढच्या वर्षी आपण दोघं? माझा जोडीदार गाव सोडून चाललाय."

साडूंनी त्याच्याशी मनापासून हात मिळवला. "छान मारलंत, डॉक्टर. पण जमायचं नाही. तुम्ही समोर असलात की माझ्या तोंडाकडं बघता, मला तोंड मिटून बसावं लागतं. घरी पोचेपर्यंत गप्प राहणं मला झेपत नाही."

मग जरासेंकडं वळले. आवाज चढला. "आणि तुम्ही! पहिला छर्रा असा मारतात? माझे पाच टण्टण् ऐकून तुमचे हात गार पडतात. पुढच्या वर्षी आधी तुम्ही उभं राहायचं, मी नंतर. कळलं?"

जरासेंनी स्वतःची पिशवी खांद्याला अडकवली, साडूंची जड पिशवीही उचलली आणि गाडीकडं चालायला लागले. साडू मागून येत होते आणि चौथी चकती का डुलली यावर बोलायला त्यांनी केव्हाच सुरुवात केली होती.