साठावरच राहिलेला पडदा

त्यांच्या दुकानाला एक बरं नाव होतं, पण ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. सगळे त्यांना हर्ट्झकाका म्हणत. कॉम्प्युटरचे मॉनिटर विकणारा हा माणूस बोलायला लागला की थांबत नसे, आणि बोलणं एकाच विषयावर: पडदा सेकंदाला किती वेळा चित्र नवं करतो. त्या आकड्याला हर्ट्झ म्हणतात, हे शेजारच्या शिंप्यालाही ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

गेम खेळणारी गिऱ्हाइकं छाती फुगवून दोनशे चाळीस हर्ट्झ मागत येत. काका आधी विचारत, "तुमचा कॉम्प्युटर सेकंदाला चित्रं किती काढतो? सत्तर? मग हा पडदा म्हणजे नाकापेक्षा मोती जड." मग ते गिऱ्हाइकाला दोन पडद्यांसमोर बसवत. आकड्यांवर चिकटपट्टी लावलेली असे. "माउसचा बाण गरागरा फिरवा आणि डोळ्यांना कुठला बरा वाटतो तेवढं सांगा." बहुतेक जण एकशे चव्वेचाळीसच्या आसपास थांबत. साठावरून तिथवरचा फरक शेंबड्या पोरालाही कळतो, काका म्हणत. त्याच्या पुढचा फरक खिशाला जास्त कळतो.

पण त्यांची खरी खासियत वेगळी होती. नवा पडदा घरी नेऊन जोडला तरी कॉम्प्युटर पुष्कळदा त्याला साठावरच चालवतो. सेटिंगमध्ये जाऊन आकडा बदलावा लागतो, आणि निम्म्या लोकांना ते ठाऊकच नसतं. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी काका स्वतः जात, आकडा बदलत, पडद्याचा उजेड कमी करत, त्यावर खिडकी चमकत असेल तर टेबल फिरवत. तेवढा वेळ दुकानाच्या दारावर एक पाटी लटके: 'गिऱ्हाइकाकडे गेलो आहे. तासाभरात येतो.'

एकाच घरी ते गेले नव्हते. मुलीच्या.

दोन वर्षांपूर्वी ती इमारतींचे नकाशे काढण्याच्या नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली. लहानपणापासून दुकानात वाढलेली पोर. आपल्यामागे दुकान तीच बघणार, असं काकांनी मनाशी धरून ठेवलं होतं. फक्त तिला ते विचारायचं राहिलं होतं. ती निघाली तेव्हा त्यांनी दुकानातला सगळ्यात चांगला पडदा बांधून दिला आणि स्टेशनावर तोंड फिरवून म्हणाले, "जोडून घे. पण सेटिंगला हात लावू नकोस, मी येऊन लावून देतो."

आणि गेले नाहीत. आधी दुकान बंद ठेवता येईना, मग गुडघा दुखला. खरं कारण म्हणजे ते रुसले होते. तिने 'या' म्हणावं याची ते वाट बघत होते, आणि ती वडिलांचीच लेक, ती कशाला म्हणतेय!

दोघांमध्ये उरला होता फक्त रविवार. दुपारी तीन वाजता दोघं आपापल्या घरून गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम खेळत आणि कानाला हेडफोन लावून बोलत. काका दर वेळी हरत. शर्यतीशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. समोरून "बाबा, ब्रेक दाबा, ब्रेक!" असं ऐकू आलं की त्यांना आठवडाभर पुरत असे. सोमवारपासून ते पुन्हा रविवारची वाट बघायला लागत.

त्या रविवारी ती लवकर थांबली. "बाबा, आता गेम बंद करू या. दिवसभर नकाशे, त्यात हे. डोळे दुखतात, डोकं चढतं."

गेम बंद म्हणजे रविवार बंद. पण काकांचा आवाज दुकानातलाच निघाला. "खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

"डावीकडे."

"उजेड किती ठेवलायस?"

"कमीच आहे. अधूनमधून लांबही बघते. डॉक्टरांना दाखवलं, नंबर नाही म्हणाले."

"मग सेटिंग उघड. हर्ट्झ किती दिसतात?"

"साठ."

"साठ?" काका ओरडलेच. "एकशे पासष्टचा पडदा दिलाय मी तुला! दोन वर्षं साठावर? अगं, दुकानात वाढलीस ना तू? तुला हेही कळलं नाही?"

"कळलं होतं, बाबा. पहिल्याच दिवशी."

"मग बदललं का नाहीस?"

"तुम्ही म्हणाला होतात, हात लावू नकोस, मी येतो म्हणून."

शर्यत सुरूच होती. काकांची गाडी भिंतीला टेकून उभी होती आणि बाकीच्या गाड्या पुढे निघून चालल्या होत्या. दोन वर्षं ही पोर रोज त्या अडखळत्या बाणाकडे बघत बसली आणि ते चार क्लिकचं काम त्यांच्यासाठी राखून ठेवलं. रडू आलं तर हेडफोनमधून ऐकू जाईल, म्हणून त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"सांगा, कुठे दाबू?" ती हळूच म्हणाली. "आता बोलता बोलताच करून टाकू. चार क्लिकचं तर काम."

चार क्लिक. हे त्यांनी शेकडो लोकांना झोपेतही सांगितलं असतं. शब्द ओठांवर आले होते. ते एकदा बोलले की तिचा पडदा सुधारला असता, आणि तिच्या घरी जायला त्यांच्याकडे काही कारण उरलं नसतं.

"नको," ते म्हणाले. "हात लावू नकोस. मी येतोय. तोवर डोळ्यांना आराम दे, रजा टाक."

"नक्की?"

"नक्की."

पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं.

दारात उभ्या बायकोने काकांचं सगळं बोलणं ऐकलं होतं. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसत माळ्यावरची बॅग काढायला गेली. तिची स्वतःची साडी तिने आधी भरली.

सोमवारी सकाळी काका दुकानाला कुलूप लावायला गेले. पाटी लटकवली, पुन्हा काढली. 'तासाभरात' खोडून 'आठवड्याने' लिहिलं. मग 'गिऱ्हाइकाकडे' हा शब्दही खोडला आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मुलीकडे'.