पूजा झालेली गाडी

रजनीबाई पोतनीस जुनी गाडी बघायला निघाल्या की बरोबर बांबूची एक आखूड काठी आणि मोठ्या खोक्यातून कापलेला पुठ्ठा घेऊन जात. काठी त्यांच्या मुलीच्या, गौरीच्या, चाकाच्या खुर्चीच्या बैठकीएवढी उंच होती आणि पुठ्ठा त्या खुर्चीच्या मापाचा. गाडीचं दार उघडायचं आणि काठी सीटला लावायची. सीट काठीहून उंच निघाली की दार बंद. बरोबर बसली, तर मागे जाऊन डिकीत पुठ्ठा सरळ सरकतो का ते बघायचं. रंग, टायर, इंजिन या सगळ्या पुढच्या गोष्टी.

"मैडम, गाड़ी ले रही हो कि परदे सिलवा रही हो?" उज्जैनच्या फ्रीगंजातल्या एका दलालाने विचारलं होतं.

"परदे ही समझ लो भैया," रजनीबाई म्हणाल्या. "नाप ठीक नहीं बैठा तो लौटा दूँगी."

माप ही त्यांची जन्माची सवय होती. मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं शिवण शिकवलं. पोतनिसांच्या घरात कधीकाळी शिंदे सरकारच्या खजिन्याच्या किल्ल्या असत म्हणे. आता आडनाव तेवढं उरलं होतं. नवरा दिलीप रेल्वेत, नागद्याला रोज अप-डाऊन. गौरीच्या पायांत जन्मापासून बळ नव्हतं. ती लहान असताना रजनीबाईंनी जाड किंतानाचा पट्टा शिवला, तिला पाठीशी बांधली आणि लुनावरून शाळेत पोचवली. वर्ग वरच्या मजल्यावर होता. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "एका मुलीसाठी वर्ग खाली आणता येत नाही." रजनीबाई वाद घालत बसल्या नाहीत. रोज सकाळी मुलीला कडेवर घेऊन त्या जिना चढत आणि ऐन प्रार्थनेच्या वेळी, मुख्याध्यापिकांच्या खोलीच्या दारात, दम खायला टेकत. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग खाली आला.

आता गौरीला देवासच्या सरकारी कॉलेजात ग्रंथालयात नोकरी लागली होती. पहिल्या तारखेला रुजू झाली नाही तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाणार होती. बसमध्ये चढणं शक्य नव्हतं. टॅक्सीवाले खुर्ची बघितली की पुढे निघून जात. एकाने ती टपावर बांधली, तर नानाखेड्याच्या वळणावर पडून तिचं चाक वाकलं. खुर्ची मापाने बनवलेली, घडी न होणारी. गाडी हवी ती अशी, की सीट खाली असेल, म्हणजे गौरी आपली आपण सरकून बसेल, आणि डिकी लांब असेल. जुन्या काळी 'स्टेशन वॅगन' म्हणत, तशी. नवीन घेणं आवाक्याबाहेर होतं. जुनी घ्यायची, तर रोज देवासला जाऊन येईल आणि रस्त्यात दगा देणार नाही अशी हवी. रजनीबाई पन्नाशीत गाडी चालवायला शिकल्या होत्या. ते काम त्याच करणार होत्या.

"वहिनी, आजकाल कोण घेतं असल्या ठेंगण्या गाड्या?" धाकटा दीर विक्रांत म्हणे. "उंच गाडी घ्या. रस्त्यावर लोक बाजूला होतात."

"लोक बाजूला होऊन काय करू? गौरी चढणार कशी?"

"मी उचलून बसवीन की!"

"काका," गौरी आतून म्हणाली, "तुम्ही रोज सकाळी आठला उठणार? मग गाडी कशाला, चमत्कारच झाला म्हणायचा."

शेवटी नानाखेड्याच्या पुढे, जुन्या गाड्यांच्या एका मोठ्या आवारात, तशी गाडी सापडली. पांढरी, चकचकीत, लांब डिकीची. काठी बरोबर बसली, पुठ्ठा आत सरकला. भावही झेपणारा होता. आत अत्तराचा वास मात्र भारी होता. रजनीबाईंना अजून एकदा, सकाळी थंड इंजिन सुरू करून बघायचं होतं. पण त्या दिवशी त्यांना शाळेच्या निरोप समारंभाला जायचं होतं, आणि तिथेच त्यांनी चूक केली. पैसे विक्रांतच्या हाती दिले आणि म्हणाल्या, "तू भाव पक्का कर. बाकी मी उद्या बघते."

विक्रांतला कुठल्याही कामात घाई, आणि शुभकार्यात तर दुप्पट. संध्याकाळी तो गाडीच घेऊन दारात उभा राहिला. भाव करून, सगळे पैसे देऊन, तिथूनच थेट चिंतामण गणेशाला. बॉनेटवर शेंदुराचं स्वस्तिक, पुढे झेंडूचा भला मोठा हार, आरशाला लाल धागा. चाकाखालचं लिंबू चिरडून झालं होतं, नारळ फुटला होता. पेढ्यांचा पुडा घेऊन तो गल्लीत सगळ्यांची तोंडं गोड करत सुटला.  दिलीपरावांनी गाडीला नमस्कार केला. उज्जैनीत गाडी आधी देवाला दाखवतात आणि मग रस्त्याला. त्यात चूक कोण काढणार?

सकाळी गौरीची खुर्ची डिकीत चढवून बघायला घेतली. पुठ्ठा सरकला होता, पण खुर्चीला वजन असतं. तिचं पुढचं छोटं चाक डिकीतल्या गालिच्यात अडकलं आणि गालिच्याचा कोपरा उचकटला. नवीन डिंकाने चिकटवलेला गालिचा. रजनीबाईंनी तो हळूहळू मागे सोलला. खाली जादा चाकाच्या खळग्यात वाळलेल्या चिखलाचा थर होता, आणि त्यात रुतलेल्या झेंडूच्या काळ्या पडलेल्या पाकळ्या.

"कालच्या हाराच्या असतील," विक्रांत म्हणाला.

"हार पुढे, पाकळ्या मागे. त्यापण गालिच्याखाली, चिखलात?" रजनीबाईंनी नखाने ढेकूळ फोडलं. आत अर्धी जळकी वात निघाली. "हे घाटावरचं निर्माल्य आहे. ही गाडी क्षिप्रेच्या पुरात उभी होती, विक्रांत. म्हणून एवढं अत्तर."

किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा धूर सोडून सुरू झालं.

"करून घेऊ दुरुस्त," दिलीपराव हळूच म्हणाले. "अगं, पूजा झालीये. पूजा झालेली गाडी कोणी परत करतं का? अपशकून म्हणतात."

"आणि देवासच्या रस्त्यावर गौरीला घेऊन बंद पडली, तर त्याला काय म्हणतात?"

 रजनीबाईंनी पदर खोचला. "गौरी, बस पुढे. विक्रांत, तू मागे. गालिचा हातातून सोडू नकोस."

"काका," गाडी गल्लीतून निघाली तेव्हा गौरी म्हणाली, "पेढे मात्र परत मागू नका हं कोणाकडे."

आवाराचा सेठ नुकताच उदबत्ती ओवाळत होता. दिवसाचा पहिला सौदा, बोहनी, अजून व्हायची होती. रजनीबाईंनी गाडी फाटकात मधोमध लावली, हार रस्त्याकडे करून. सेठने चिखल बघितला, खांदे उडवले.

"बहनजी, कागज़ तो मैं करवा दूँगा. पर अब ये गाड़ी मेरी कहाँ रही? चिंतामण के दरबार से हो आई. भगवान के नाम की चीज़ कोई लौटाता है?"

"ठीक है," रजनीबाई म्हणाल्या. "हम बैठे हैं."

आणि त्या गाडीतच बसल्या. थर्मासमधला चहा काढला, अर्धा कप गौरीला दिला. विक्रांत मागे मान खाली घालून बसला होता. त्याला परत एकदा सेठशी बोलून बघायचं होतं, पण वहिनींनी आरशातून बघितलं आणि त्याने गालिच्याचा कोपरा पुन्हा धरला. रजनीबाईंना सगळा हिशेब ठाऊक होता. पैसे गेले तर दुसरी गाडी नाही, आणि गाडी नाही तर पहिली तारीख हुकलीच. पण हात स्टिअरिंगवरून निघाले नाहीत.

थोड्या वेळाने एक कुटुंब आलं. पुढे साफा बांधलेले म्हातारे, मागे मुलगा आणि सून. म्हाताऱ्यांना हार दिसला, ते खूश झाले.

"वाह, नई ली?"

"नहीं बाबूजी," गौरीने खिडकीतून नम्रपणे सांगितलं, "लौटा रहे हैं."

"पूजा की हुई?"

"जी."

म्हाताऱ्यांनी एकदा स्वस्तिकाकडे, एकदा सेठकडे पाहिलं, आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवला. "चलो बेटा. आज नहीं."

सेठ धावत आला. "बहनजी, बोहनी का टाइम है! कम से कम हार तो उतार दो."

"मैं कैसे उतारूँ?" रजनीबाई शांतपणे म्हणाल्या. "भगवान के नाम की चीज़ है. आप ही तो कह रहे थे."

दुसरं गिऱ्हाईक स्कूटर फाटकाशी थांबवून, हार बघून, गौरीचं तेच उत्तर ऐकून पुढे गेलं. तेव्हा सेठने आत जाऊन कपाट उघडलं. पैसे रजनीबाईंच्या हातात ठेवताना तो कुरकुरला, "धुलाई के तो काट लूँ? कल ही चमकवाई थी."

"ठीक से धुलवाई होती, सेठजी, तो मैं आती ही नहीं."

त्यांनी हार उतरवला, दोन्ही हातांनी, नीट. खुर्ची खाली काढली. बॉनेटवरच्या स्वस्तिकाला हात जोडले आणि रिक्षाला हात केला. रिक्षावाला खुर्ची बघून कुरबुरला. विक्रांतने ती आपल्या मांडीवर आडवी धरली.

त्यानंतरचे दिवस धावपळीचे गेले. देवास गेटजवळ एक निवृत्त डॉक्टर मुलाकडे पुण्याला चालले होते. त्यांच्याकडे तशीच एक लांब डिकीची गाडी होती. रंग उडालेला, मागच्या दाराला पोचा. रजनीबाईंनी फोनवर एकच अट घातली: "मी येईपर्यंत सुरू करू नका." गेल्याबरोबर बॉनेटवर तळवा ठेवला. गार. मग गालिचे उचलले, सगळे. काठी, पुठ्ठा. किल्ली फिरवली, इंजिन पहिल्या झटक्यात लागलं.

"गालिचे उचलणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघतोय," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही जीभ बाहेर काढायला लावताच ना, डॉक्टरसाहेब? तसंच."

दिलीपरावांना घेऊन त्या गाडीने देवासला जाऊन आल्या, येताना वजन पेलतं का ते बघायला बटाट्याच्या गोण्या भरून. मगच पैसे दिले, आणि ते त्यांनी स्वतःच्या हाताने दिले. पूजेचा विषय कोणी काढला नाही. विक्रांतनेही नाही.

पहिल्या तारखेला सकाळी आठच्या आधी तो दारात हजर होता. गौरीने घड्याळाकडे बघितलं आणि हसू दाबलं. तो खाली वाकला आणि पुढच्या चाकांखाली एकेक लिंबू ठेवून मागे सरला. हार नाही, शेंदूर नाही.

"चालेल ना, वहिनी?"

रजनीबाई आल्या, वाकल्या आणि इंजिनाखालची फरशी निरखून बघितली. तेलाचा थेंब नव्हता. नुसती दोन लिंबं होती.

"चालेल," त्या म्हणाल्या.

गौरी खुर्चीतून सीटवर सरकली, एका दमात, कोणाचा हात न धरता. विक्रांतने खुर्ची डिकीत ढकलली. गालिचा जागचा हलला नाही. लिंबं फुटल्याचा बारीकसा आवाज झाला आणि गाडी देवासच्या रस्त्याला लागली.