शेवटच्या कडव्यातलं नाव

आमच्या खालच्या मजल्यावरचा ग्लेबकाका गाणी लिहितो, हे मला कितीतरी दिवस माहीतच नव्हतं. मला माहीत होतं ते इतकंच, की हा रशियन म्हातारा कचऱ्याचा डबा भलत्याच दिवशी बाहेर ठेवतो आणि माझ्या फोडणीचा ठसका लागला की खालून छताला झाडूचा दांडा ठोकतो. एक दिवस माझं डोकं फिरलं. तरातरा खाली गेले आणि म्हटलं, "तुम्ही अख्खा दिवस कोबी उकळता, तेव्हा मी काही ठोकते का?" दारात हा उभा, पांढऱ्या जाड भुवया, गळ्यात गिटार. म्हणाला, "ठोक ना. मी ताल धरीन." आता अशा माणसाशी काय कप्पाळ भांडणार!

मी उपासना, मूळची नागपूरची. शिकागोत एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत आम्ही भाड्यानं राहतो, वर मी आणि माझा नवरा प्रितम, खाली ग्लेबकाका. मेन रोडला साड्या, मिठाई, किराणा, आणि त्यातच एक रशियन दुकान, काळ्या ब्रेडचं आणि खारवलेल्या माशांचं. त्या दुकानापर्यंत चालणं हाच काकाचा दिवसाचा व्यायाम. त्याच्या गुडघ्यांचे व्यायाम मी शिकवले, तेव्हापासून झाडूचा दांडा बंद झाला.

पूर्ण नाव ग्लेब मात्वेयेविच झिमिन. मात्वेय हे वडिलांचं. "आमच्यातही बापाचं नाव मधेच लागतं," असं मी म्हटल्यावर तो इतका खूश झाला, की काका म्हणायची परवानगी त्यानं स्वतःहून दिली. उरल पर्वताकडच्या एका कारखान्याच्या गावात तो वाढला. दिवसा बॉयलर दुरुस्त करायचा, संध्याकाळी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात मित्र जमायचे आणि हा गिटारवर स्वतःची गाणी म्हणायचा. असली गाणी तिकडे कुणी छापत नसे. कुणीतरी टेपरेकॉर्डरवर घ्यायचं, त्याची कॉपी दुसरा करायचा, तिची तिसरा. गाणं पार कुठल्या कुठे जायचं आणि लिहिणाऱ्याचं नाव मागे राहायचं. "रेल्वेत एका पोरानं माझंच गाणं मला शिकवलं होतं. वर माझा सूर चुकतो म्हणाला," असं सांगून तो खो खो हसायचा. सोव्हिएत रशिया फुटल्यावर बायकोच्या, रायाच्या नातेवाइकांमागून तो इथे आला. इथे शाळेच्या इमारतीत बॉयलरच सांभाळले. राया गेली. राहिली गिटार.

आणि राहिली हान्ना. हान्ना समोरच्या घरात राहते, खारकिवची, युक्रेनमधली. शाळेची बस चालवते. काकाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे, बाजारात, लायब्ररीत तीच आपल्या गाडीतून न्यायची. पुढच्या सीटवर काका, मांडीवर ब्रेडची पिशवी, तोंडाची टकळी चालू. युद्ध सुरू झालं आणि त्यात हान्नाच्या बहिणीचा मुलगा गेला. त्यानंतर तिनं रशियन बोलणं सोडलं. दुकानात ती इंग्रजीतच बोलते, रशियन कानावर पडली तरी तोंड फिरवते. मला एकदा म्हणाली, "आता त्या भाषेत मी फक्त ग्लेबशी बोलते. तो एक आहे म्हणून ती भाषा माझ्यासाठी मेली नाही."

गेल्या हिवाळ्यात माझे बाबा नागपूरहून आले. सुभाष त्यांचं नाव, पण आमच्या वस्तीत त्यांना सगळे शाहीर म्हणतात. नोकरी कारखान्यात केली, पण जीव भीमगीतांत. जयंतीला बाबा गायले नाहीत असं मला तरी आठवत नाही. इथे बर्फात अडकून बसल्यावर त्यांचा जीव कासावीस झाला. "काय वं हे गाव! माणूस दिसत नाही रस्त्यावर!" मग खालून गिटार ऐकू आली आणि बाबा पेटी घेऊन खाली उतरले ते रोजच उतरू लागले. एकाला इंग्रजी येत नाही, दुसऱ्याचं मोडकं. मी घरी असले तर मधे भाषांतर करायची, नसले तरी त्यांचं काही अडत नव्हतं.

बाबांनी त्याला आमची रीत समजावली. शेवटच्या कडव्यात कवी स्वतःचं नाव घालतो. गाणं कुणाच्याही तोंडी जावो, नाव सोबत जातं. काकानं भुवया वर केल्या. "आणि गाणं वाईट असेल तर?"

"तर शिव्याबी त्यालेच," बाबा म्हणाले. मी ते इंग्रजीत सांगितलं. काका नेहमीसारखा हसला नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं होतं. पण मला वाटलं, माझ्या भाषांतराचीच मजा गेली असेल.

काही दिवसांनी काका एकटाच एक चाल वाजवत होता. शब्द नाहीत, नुसती चाल. काय चाल होती! साधी, पण काळीज धरून ठेवणारी. बाबा पायरीवरच थांबले. "कोनाची हाय म्हणावं ही?"

काकानं बोटं थांबवली. माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. "माझी," तो म्हणाला, आणि चेहरा असा उजळला, की मला कौतुकच वाटलं. म्हातारपणी असं कुणी विचारावं यापरतं सुख काय!

बाबांनी त्या चालीवर भीमगीत रचलं. आमच्यात चाल उचलायला कुणाची ना नसते, पण बाबांचा एक हट्ट. चाल घेतली की धन्याचं नाव घ्यायचं. नाहीतर ती चोरी. काकाला सरप्राइज द्यायचं ठरलं. जयंतीचा कार्यक्रम उपनगरातल्या एका हॉलमध्ये होता. हान्नाला मीच म्हटलं, काकाला घेऊन ये, जेवायलाही थांबा.

हॉल गच्च भरलेला. निळे झेंडे, फोटोला हार, मागे पुरीभाजीचा वास. बाबा उभे राहिले आणि पहिली ओळ उचलली. पोरंटोरं सगळी टाळ्या वाजवायला लागली. मी हान्नाकडे पाहिलं. तिनं हातातली प्लेट खाली ठेवली होती. काका खुर्चीत ताठ, तोंडावर रक्ताचा थेंब नाही. मला वाटलं, भारावलाय. हाय रे माझी अक्कल! शेवटचं कडवं आलं.

"सुभाष गातो गाणे, भीमाचे हे महान,
ग्लेबनं दिली चाल, त्याचा करू सन्मान."

बाबांनी त्याच्याकडे हात केला. सूत्रसंचालकानं इंग्रजीत सांगितलं, ही धून रचणारे कवी आपल्यात बसलेत. लोक उभे राहिले. कुणीतरी काकाच्या गळ्यात निळा पंचा घातला.

हान्ना माझ्यापाशी आली. "हे गाणं कुठून आणलं तुम्ही? रशियात पोरांना आमच्यावर सोडायला आगगाडीत चढवतात ना, तेव्हा स्टेशनवर हेच लावतात. मी व्हिडिओ बघितलेत. 'वळून बघू नकोस, राजा, पुढे जा.' ते गाणं! आणि तुम्ही ह्या भल्या माणसाचं नाव त्याला लावलं?" मग ती काकाकडे वळली. "सांग ना त्यांना. लोकगीत आहे ते. तिकडे सगळे लोकगीतच म्हणतात."

काकानं गळ्यातला पंचा काढून घडी घातली. "हो," तो म्हणाला. "लोकगीत आहे. शाहिरांचा गैरसमज झाला."

माझ्या बापाला, ज्यानं जन्मात कुणाची ओळ उचलली नाही त्याला, भर हॉलमध्ये खोटं पाडलं! बाबांना मी मराठीत सांगितलं तेव्हा त्यांचं तोंड एवढंसं झालं. स्वतः माइकवर जाऊन म्हणाले, "चूक झाली माझी. माफी असावी." पुरी कुणाला खायची होती! हान्ना काकाला पुढच्या सीटवर बसवून घेऊन गेली. मी प्रितमला म्हटलं, त्या खोटारड्याचं तोंड बघणार नाही मी आता.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका स्वतः जिना चढून वर आला. माझ्याच शिकवणीप्रमाणे कठडा धरून, एकेक पायरी. मी दारातच हात कमरेवर ठेवून उभी. तो बाबांसमोर बसला आणि मला म्हणाला, "सगळं भाषांतर कर. मधलं काही गाळू नकोस."

तेव्हा कळलं. अफगाणिस्तानात फौजा गेल्या होत्या तेव्हाची गोष्ट. गावच्या कम्युनिस्ट युवक समितीनं त्याला बोलावलं. भरतीच्या पोरांना निरोप द्यायला एक गाणं हवं होतं. तो आणि राया तेव्हा पाच कुटुंबांबरोबर एका घरात राहत होते, स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच, ओल आलेलं, आणि रायाची छाती नाजूक. गाणं दिलंस तर स्वतंत्र घर मिळेल, म्हणाले. त्यानं गाणं लिहिलं, आणि वाईटही लिहिलं नाही. "तेवढं तरी करायला हवं होतं," तो म्हणाला. "वाईट लिहिलं असतं तर मेलं असतं ते." अट एकच घातली. माझं नाव त्यावर नको. मित्रांना काय तोंड दाखवणार?

नव्या घराच्या जिन्यात वरच्या मजल्यावरचा वित्या नावाचा पोरगा ह्याच गाण्याची शीळ घालत उतरला आणि लढाईवर गेला. परत आला तो बंद शवपेटीत. पुढे एकदा त्याची आई जिन्यात भेटली. "जाताना निदान गाणं तरी छान होतं हो," म्हणाली. "कुणी लिहिलंय, तुम्हाला माहीत असेल ना? तुम्ही गाता."

"मी म्हणालो, लोकगीत आहे," काका म्हणाला. "काल तेच म्हणालो. जसंच्या तसं." मग तो माझ्याकडे न बघता बोलला, "तुमच्यापुढे 'माझी' म्हणालो, कारण तुमच्यात ते कुणी ओळखणार नव्हतं. एकदा तरी कुणी वाहवा म्हणावं असं वाटलं. लाज वाटते मला."

मी भाषांतर करता करता रडत होते, आणि रागही गेला नव्हता. बाबांनी पेटीच्या पट्ट्यांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "त्याले सांग, मी नाव काढून टाकतो. गाणंच मोडून टाकतो. माह्यामुळं झालं हे."

मी सांगितलं. काकानं मान हलवली. "नको. नाव काढा असं मी आधी एकदा सांगितलं होतं."

नंतर तो बाबांना म्हणाला, "शेवटचं कडवं कसं जोडतात, मला शिकवा."

लायब्ररीत महिन्यातून एका रविवारी रशियातून आलेली म्हातारी मंडळी गाण्याला जमतात. युक्रेनमधून आलेलीही असतात. युद्धानंतर दोन्हीकडच्यांच्या खुर्च्या आता वेगवेगळ्या लागतात. हान्नानंच काकाला तिथे नेलं. तिला काही माहीत नव्हतं. आम्ही मागे बसलो. काकानं गिटार लावली आणि ते गाणं सुरू केलं. पहिल्याच ओळीला खुर्च्या सरकल्या, कुणीतरी ओरडलं, दोघंतिघं उठून गेली. हान्ना उभी राहिली, पण गेली नाही. काकाचा आवाज फाटत होता. जिथे गाणं संपतं तिथे तो थांबला नाही. नवं कडवं मला त्यानं आधीच इंग्रजीत सांगितलं होतं, म्हणून कळलं.

"ग्लेब झिमिननं लिहिलं हे, घरासाठी लिहिलं.
वित्याच्या आई, तुम्ही विचारलं होतं, ते नाव माझं.
पोरांनो, मी चुकलो. वळून बघा. घरी या."

कुणी टाळी वाजवली नाही. एक बाई मोठमोठ्यानं रडायला लागली. हान्नानं टेबलावरची गाडीची किल्ली उचलली आणि ती दाराबाहेर गेली. बाबांनी काकाच्या खांद्यावर हात ठेवला. "चल गड्या, आमच्या गाडीत," ते मराठीत म्हणाले आणि त्याला ते कळलंही.

बाहेर आलो तर हान्ना गाडीत बसून होती. पुढच्या सीटवर तिनं आपली पर्स ठेवली होती. मागचं दार उघडं होतं.

काकानं बाबांचा हात सोडवला. गिटार घेऊन तो मागे बसला आणि दार लावून घेतलं. या गोष्टीला आता उन्हाळा उलटून गेला. ती त्याला डॉक्टरकडे नेते, बाजारात नेते, आणि त्याच्याशी इंग्रजीत बोलते. तो अजून मागेच बसतो.