पहिलारूचा चौथा सड

माझं तोंड फटकळ. येरमाळ्याजवळच्या आमच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. कालवड पहिल्यांदा गाभण राहिली, पहिलारू झाली, तेव्हा तर मी कुणाला गोठ्यात धड उभंही राहू देईना. आदल्या गाईचा एक सड दगडी होऊन, म्हणजे कास सुजून टणक पडून, कायमचा गेला होता. हिला मी वासरापासून वाढवलेली. चारी सड धड राहून हिनं व्यावं, एवढंच माझ्या मनात होतं.

मग काय, हात धुऊन मागं लागले. खाली ओल राहू देईना, बसायला कोरडा मुरूम, माश्यांसाठी सांज-सकाळ कडुलिंबाचा धूर. आमच्याकडं भरलेली कास बघायला आलेलं माणूस नुसतं बघत नाही, सड दाबून चीक उतरला का तेही पाहतं. शेजारीण अशीच वाकली, तर मी ओरडले, "ओ काकू, हात लावायचं काम न्हाय!"

"अगं, आल्यागेल्याला असं बोलावं का?" सासूबाई म्हणाल्या.

"आत्या, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" मी त्यांनाही सुनावलं.

कालवड व्याली. तीन सडांतून पिवळाधमक चीक आला. चौथ्यातून नुसतं पाणी, त्यात गाठी. तेवढी कास टणक झालेली, हात लावला की लाथ. मला रडूच फुटलं.

नवरा बाहेर गेलेला, आत्या गोठ्याच्या दारात उभ्या. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून विचारलं, "व्यायच्या आधी कुणी सड पिळत होतं का?"

"छ्या! कुणाला शिवू दिलं न्हाय म्या," मी ठसक्यात म्हणाले. "चीक उतरला का ते रोज सकाळी माझी मीच बघायची. ते बी ह्याच सडाचं, थेंबभर."

डॉक्टर माझ्याकडं बघतच राहिले. सडाच्या तोंडाला आतून बूच बसलेलं असतं, ते म्हणाले. पिळलं की ते निघतं आणि घाणीला आत जायला वाट होते. शेण काढता काढताच मी तो थेंब बघायची. काखेत कळसा न् गावाला वळसा, तशी माझी गत. लाज वाटली, जनावराची फार कीव आली.

सडात औषध सोडलं, पण आठवड्यानं सड गेलाच. सड पिळल्यानं गेला एवढंच नवऱ्याच्या कानावर आलं होतं, तो भडकला. "कुणी पिळलं हे?"

आत्या भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्या."

"तू आता गोठ्यात पाऊल ठेवायचं न्हाय," तो आईला म्हणाला. मी शेजारीच पीठ मळत होते, ते मळतच राहिले.

तेव्हापासून आत्या दारातूनच गाईला हाक मारतात. गाय मान वळवते, मी धार काढत असते. खरं काय ते अजून माझ्याच्यानं सांगवलेलं नाही.