विमानतळावर राहिलेलं सोपट

“साठी उलटली की माणसं काशीला जातात. आमच्या घरातली अमेरिकेला निघालीय, नोकरीला!” टॅक्सीत बॅग चढवता चढवता आमच्या ह्यांनी शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं.

मी म्हटलं, “काशीला पगार देतात का?”

शेजारी हसले आणि आम्ही वसईजवळच्या आमच्या वाघोलीहून निघालो.

झालं होतं असं. माझी पुतणी रूपाली बॉस्टनला शिकते. मागच्या उन्हाळ्यात तिने तिथून तीन तासांवरच्या एका शिबिरात काम केलं. तळ्याकाठी लाकडी खोल्या, बारा ते सोळा वयाची मुलं दोन महिने राहायला, आणि मोबाईल कुलपात. तिथल्या मुख्य बाई, केट, हातकाम शिकवणारं कोणीतरी शोधत होत्या. रूपालीने त्यांना माझा व्हिडिओ दाखवला. वाडीत बसून मी केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या वाळलेल्या पापुद्र्यांची, दोरी वळतेय आणि तोंडाचा पट्टा चालूच. केटने फोनवर माझी मुलाखत घेतली. माझी शाळा सातवीत सुटली. इंग्रजी मी आमच्या मुलांच्या पुस्तकांतून शिकले, तेही त्यांना झोपवून नव्हे, त्यांच्याशी भांडत भांडत. तेवढं पुरलं.

नोकरी मिळाली, पण अटीवर. पहिल्या आठवड्यात मुलं आपापले तास निवडतात. गुरुवारपर्यंत माझ्याकडे आठ मुलं झाली नाहीत तर दोरीचा तास बंद, आणि उरलेला उन्हाळा मी स्वयंपाकघरात. भांडी घासण्यात मला कमीपणा नाही, जन्मभर घासलीत. पण “या, आम्हाला शिकवा” असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. ते एकदा अनुभवायचं होतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. व्हिसासाठी लागणारे कागद शिबिराकडूनच येतात. मुलाखतीला दोन मिनिटं लागली, रांगेत तीन तास. वसईहून विमानतळाला टॅक्सीने दीडेक हजार पडले. खाडीवरच्या वर्सोव्याच्या पुलावर गाडी हमखास अडकते म्हणून संध्याकाळच्या विमानासाठी आम्ही सकाळी अकरालाच घर सोडलं. त्या दिवशी नेमका पूल मोकळा! दारावरचा शिपाई तिकीट बघून म्हणाला, “काकी, तुमचं विमान अजून यायचंय.” मग बाहेरच्या कठड्यावर बसून आम्ही दोघांनी डब्यातली भाकरी आणि सुकी बटाट्याची भाजी खाल्ली. हे बॅगेचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघत होते. म्हटलं, “दोनच महिने.” तर म्हणाले, “मी कुठे काय म्हटलं?”

बॉस्टनला उतरले ती दुपार होती. खाण्याचं काही नेऊ नको, असं रूपालीने दहादा बजावलं होतं, म्हणून आगाशीची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळीसुद्धा घरी ठेवली होती. तपासणीच्या माणसाने विचारलं, “बॅगेत झाडंझुडपं, बिया, पानं?”

“नाही,” मी म्हटलं. “फक्त दोरीचं सामान. शिकवायला.”

त्याने बॅग उघडायला सांगितली. आत सोपटाच्या बारा जुड्या, दोन महिन्यांची बेगमी. त्याने एक पापुद्रा उजेडात धरला. “मॅडम, हे झाडच आहे.”

आता बघा, आमच्याकडे मोगऱ्याची पुडी सोपटाने बांधतात, अळूची जुडी सोपटाने, फाटकाला कडी नसली तर फाटकही सोपटाने. त्याला झाड म्हणायचं आमच्या डोक्यातच येत नाही. माझ्या साड्यांचं गाठोडंसुद्धा त्यानेच बांधलेलं निघालं! तो बिचारा हसला, गाठ सोडून तेवढा तुकडाही घेतला. मी आपणहून सांगितलं होतं म्हणून दंड झाला नाही. पण जुड्या गेल्या. सुतार निघाला कामाला आणि करवत राहिली घरी, तशी माझी गत.

बसच्या तीन तासांत खिडकीतून नुसती झाडं. एवढं हिरवं आणि त्यात केळ एकही नाही. बसला तीसेक डॉलर लागतात, तिकीट आधी काढलेलं बरं. आणि जून आहे म्हणून फसू नका, सकाळी स्वेटर लागतो.

सोमवारी नाश्त्याला पॅनकेक होता. म्हणजे आपल्या घावनाचा जाडा, गोड भाऊ. चहात दूध मागून घ्यावं लागतं. तास सुरू झाला तेव्हा माझ्या टेबलावर फक्त माझे दोन हात. मुलं आली दोन. त्यातली मॅडी नावाची चौदा वर्षांची मुलगी आल्याआल्या म्हणाली, “मला धनुष्यबाण हवा होता. तिकडे जागा नव्हती.”

“मलाही सोपट हवं होतं,” मी म्हटलं. “ते विमानतळावर आहे.”

ती हसली, पण दुसऱ्या दिवशी येईल असं काही वाटेना.

केट भली बाई. “मंदा, काळजी करू नको. दुकानातून सुतळी मागवू?” मी नको म्हटलं. वळलेली दोरी परत काय वळायची! विचार करत तळ्याकडे गेले आणि काठाशी थबकले. समोर पाणकणसं! आमच्या वाडीतल्या बावखलाच्या, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याच्या, काठाला असतात तशीच, तीच तपकिरी कणसं, तीच लांब पानं. सासूबाई त्या पानांच्या चटया विणायच्या. हिरवी पानं वाळताना आकसतात, पण मागच्या वर्षीची वाळलेली पानं तिथेच उभी होती. केटला विचारून ओटीभर काढली आणि बादलीत भिजत घातली.

मंगळवारी चार मुलं झाली. दोरी वळायला उघडी मांडी लागते, आणि तिथली पोरं सगळी अर्ध्या चड्डीत, म्हणजे तयारीतच आलेली. पान मांडीवर ठेवून तळहाताने पुढे रेटायचं, पदर एकमेकांवर चढतात. केस उपटले की पोरगे किंचाळायचे, पोरी हसायच्या. बुधवारी सहा. दुपारपर्यंत अंगठ्याएवढी जाड, तीनपदरी, वीस हात लांब दोरी झाली. मॅडीने ती खांद्यावर टाकली आणि जाहीर केलं, “आजची रस्सीखेच आमच्या दोरीने.”

सगळं शिबिर मैदानात. केट शिट्टी घेऊन उभी. शिट्टी वाजली, दोन्ही बाजूंनी ओढ बसली, आणि फाट! दोरी मधोमध तुटली. वीस पोरं पाठीवर. पोरं हसत होती, मी मात्र हिशेब मांडत होते. सहा मुलं, तुटलेली दोरी, आणि उद्या गुरुवार.

मॅडी दोन्ही टोकं घेऊन आली. रडवेली नव्हती, रागावलेली होती. “का तुटली?”

मी टोकं पाहिली आणि कपाळावर हात मारला. पान संपलं की नवं जोडावं लागतं. पोरांनी तिन्ही पदरांचे जोड एकाच जागी घेतले होते. एकाचा जोड आला की बाकीचे दोन अखंड हवेत. हे मी सांगितलंच नव्हतं! आमच्याकडे हे कोणी सांगत नाही. आईच्या बाजूला बसून हाताला आपोआप येतं. मला कोणी सांगितलं नाही, म्हणून सांगायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

“चूक माझी,” मी म्हटलं, आणि तिथेच गवतात बसून तिला जोड दाखवला. बघता बघता भोवती घोळका जमला. पाठीला माती लागलेली सगळी वाकून बघत होती.

गुरुवारी सकाळी टेबलाशी अकरा जण. मॅडी त्यांना दटावत होती, “जोड एका जागी नको! काकी, सांग ना यांना.” रूपाली फोनवर मला ‘काकी’ म्हणते, ते तिने ऐकलं असणार. केट दारातूनच बघून गेली. स्वयंपाकघराचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

उन्हाळाभर आम्ही दोऱ्या वळल्या. शेवटच्या रस्सीखेचीत दोरी टिकली, आमची पोरं हरली. चालायचंच.

गणपतीच्या आधी घरी आले. तुटलेल्या दोरीचं एक टोक मॅडीने ठेवलं, दुसरं मी आणलं. ते आता ओटीवर खुंटीला आहे. मागे वळून बघते तेव्हा वाटतं, पगार खर्च होईल, पॅनकेकची चव जाईल. राहिलं ते एवढंच, की हाताला जे येतं ते तोंडाने सांगता आलं पाहिजे. नाहीतर आपल्याबरोबर जायचं.

परवा हे वाडीत बसून दोरी वळत होते. मी सहज म्हटलं, “जोड एका जागी नको हं.”

“चाळीस वर्षं वळतोय मी! आज सांगतेस होय?”

मी आत चहा ठेवायला गेले. खिडकीतून पाहिलं, तर स्वारी हातभर दोरी उलगडून जोड बदलत होती.