सोंडवाला

हे मी आजवर कुणालाच बोललो न्हाई. बायकोला न्हाई, पोरांना न्हाई. मागं दवाखान्यात भरती होतो तेव्हा वाटलं, सांगून मोकळं व्हावं — तेव्हाबी जीभ उचलली न्हाई. एरवी मी हट्टी माणूस हाये, एकदा ठरवलं की मागं सरत न्हाई. ह्या एका गोष्टीत मात्र पंधरा वर्षं मागंच सरत आलो. आज बसा जरा, ऐका.

मी रेल्वेत गँगमन होतो, म्हंजे रुळांची दुरुस्ती करणारा, जालन्याकडच्या एका बारक्या स्टेशनावर. निजामाच्या वेळची छोटी लाइन जाऊन बडी लाइन आली, तसं स्टेशनावरचं जुनं सगळं गेलं. राहिली फक्त सोंड. सोंड म्हंजे कोळशाच्या इंजनाला पाणी पाजायचा बिडाचा, म्हंजे ओतीव लोखंडाचा खांब, उंच, अन् वर आडवी वाकलेली नळी. हत्तीनं सोंड उचलावी तसा दिसायचा, म्हणून सगळं गाव त्याला सोंडच म्हणायचं. इंजनं गेली, पाणी गेलं, ती आपली उभीच.

रशीदभाई आमच्या स्टेशनावर पॉइंट्समन होते, म्हंजे गाडीचा रूळ बदलणारे. त्यांचे अब्बा त्याच सोंडेनं इंजनात पाणी भरायचे. म्हणून रशीदभाई दरसाल सोंड घासायचे, रंगवायचे. कुणी सांगितलं नव्हतं, ड्युटीतबी नव्हतं. फलाटाकडेचे दगड पांढरे करायचं काम तेवढं त्यांचं होतं, म्हणून रंगाचा डबा अन् ब्रश त्यांच्या कपाटात. कपाटाला कुलूप कधीच नसायचं. आमच्यात कुलूप कशाला लागतं, म्हणायचे.

आता एक शब्द सांगतो — कंडम. ज्या मालावर पांढऱ्या रंगानं कंडम लिहिलं, तो माल रेल्वेसाठी मेला. मंग सही कुणी बघत न्हाई, कागद कुणी बघत न्हाई. शब्द दिसला की उचल. साहेब असो का हमाल, त्या तीन अक्षरांपुढं सगळे गप.

त्या साली एक ठेकेदार कंडम रूळ उचलायला आल्ता. जालन्याच्या भट्ट्यांना भंगार कितीबी द्या, कमीच. माल भरता भरता तो सोंडेपाशी थांबला, बोटानं टकटक केलं, म्हणाला, "हिच्यावर लिहिलेलं न्हाई ना. न्हाईतर हीबी नेली असती." मंग त्यानं सहज इचारलं, "मामा, घराला गेट हाये का तुमच्या?"

न्हवतं. बोरीच्या काट्याचा झाप लावायचो मी दाराला. भावानं घनसावंगीत घर बांधून लोखंडी गेट बसवलं होतं, अन् तिथून आल्यापासून तो झाप माझ्या डोळ्यात सलायचा. सोंडेवर शब्द लिहिला की गेट मिळणार, हे मला कळलं. सांगायला लाज वाटते, पण एवढंच कारण. उपाशी होतो का मी? कुणी धमकावलं होतं का? बिलकुल न्हाई.

रशीदभाई रजा घेऊन टेंभुर्णीला पुतणीच्या लग्नाला गेल्ते. भर दुपारी, मास्तर जेवायला गेल्यावर, मी त्यांचं कपाट उघडलं. त्यांचाच डबा, त्यांचाच ब्रश. सोंडेवर लिहिलं — कंडम. ब्रश धुऊन जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी ट्रक आला. बीड गॅसनं नीट कापत न्हाई, घणानं फोडावं लागतं. चार गडी फोडत होते अन् मी लिंबाखाली बसून डबा खात होतो. भाकर गोड लागली मला, खोटं कशाला बोलू.

रशीदभाई परत आले. सोंडेच्या जागी वीतभर खुंट. त्यांनी मलाच इचारलं, "अरे किसन, सोंड किधर गई?" मी म्हणालो, मला काय माहीत, मी लाइनवर होतो. मंग त्यांनी स्वतः अर्ज लिहून मास्तरकडं दिला, की चोरी झाली, चौकशी करा. चोरानं न्हाई, राखणाऱ्यानं चौकशी मागितली. ध्यानात घ्या हे.

चौकशीचे साहेब आले. ठेकेदार म्हणाला, लिहिलेलं होतं म्हणून उचललं. लिहिलं कुणी? साहेबांनी मला बोलावलं. अन् मी — आता येतो मी त्या जागेवर, जिथं यायला एवढं फिरलो — मी म्हणालो, "रंगाचा डबा रशीदभाईंकडंच असतो, साहेब."

बस. एवढंच बोललो. वाक्य खरं होतं की न्हाई? अक्षरन् अक्षर खरं. त्याच्याइतकं खोटं मी जन्मात बोललो न्हाई. सोंड चोरली ते एक वेळ लोखंड होतं. हे माणसाचं नाव होतं.

रजेवर जायच्या आधीच लिहून ठेवलं असंल, असं साहेबांनी धरलं. रशीदभाई सस्पेंड झाले. सिद्ध काहीच झालं न्हाई, पण नोकरीची शेवटची वर्षं त्यांना लांबच्या स्टेशनावर काढावी लागली. अन् गावानं त्यांचं नाव पाडलं — सोंडवाला. त्यांच्या पोरानं, सलीमनं, चौकात पंक्चरचं दुकान टाकलं, ते सोंडवाल्याचं दुकान. पोराचं नाव कुणी घेतच न्हाई.

गेल्या आठवड्यात मी चौकात चहा पीत होतो. एका परगावच्या माणसानं इचारलं, पंक्चर कुठं निघंल? माझ्या तोंडून निघालं, "समोर, सोंडवाल्याकडं." हाटेलातले हसले. मीबी हसलो. रशीदभाई दुकानाबाहेर खाटेवर बसले होते. त्यांना आता ऐकू येत न्हाई, पण सलीमनं ऐकलं. त्यानं मान खाली घातली अन् ट्यूबला हवा भरत राहिला.

त्या दिवशी घरी येऊन मी कागद काढला. सगळं लिहिलं, माझ्या हातानं, सही केली. तो रेल्वेच्या हापिसात देणार हाये, मंग ते पेन्शन बंद करोत का आत टाकोत. पण त्याच्या आधी चौकात जायचंय.

रशीदभाईंच्या कानाशी तोंड नेऊन हळूच सांगितलं तर भागतं, असं मनात आल्तं. दोघातलं दोघात. ते काही मी करणार न्हाई. त्यांना ऐकू जायला जेवढं मोठ्यानं बोलावं लागतं, तेवढं मोठ्यानं बोलणार, अन् तेबी बाजाराच्या दिवशी, हाटेल भरलेलं असताना. त्यांनी शिवी दिली, थुंकले, न्हाई तर तोंड फिरवलं, तरी मी तिथंच उभा राहणार. एकदा सांगून ऐकू गेलं न्हाई तर दुसऱ्यांदा सांगणार. सोंड मी नेली. सोंडवाला मी हाये.

बाजार उद्या हाये.