भाव तोंडानं सांगायचा नसतो

माझ्या लग्नाला वरीसही झालं नव्हतं. आमचा तळ पडेगावच्या माळावर होता. मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडलेली आणि मी आडोशाला चुलीवर भाकरी थापत होते. पलीकडून सासऱ्यांचं आणि माझ्या धाकट्या दिराचं, खंडेरावांचं, भांडण ऐकू आलं. नव्या सुनेनं असलं ऐकू नये, म्हणून तर ते गोड लागतं. मी थापायचं थांबवून कान लावला. तव्यावरची भाकरी करपली ती करपलीच.

"दिसभर कुठं होता?" सासरे विचारत होते.

"छावणीच्या बाजारात."

"अन् मेंढरं कोण वळनार? मी?"

"तात्या, मला दलाली करायची हाय."

"लोकाचा हात धरून पोट भरनार व्हय? सुताराच्या हातात वाकस असतो, कुंभाराच्या हातात माती असती. दलालाच्या हातात काय असतं रं?"

"दुसऱ्याचा हात असतो. लई झाला तेवढा."

"त्यानं काढून घेतला मंग?"

यावर भावजींनी काय उत्तर दिलं ते मला ठाऊक नाही, कारण नेमकं तेव्हाच कुत्रं भुंकायला लागलं. पण ते काही ऐकायला थांबले नाहीत. पुढच्याच गुरुवारी खांद्यावर रुमाल टाकून छावणीच्या बाजारात जाऊन उभे राहिले, ते पुढं जन्मभर.

यंदा संक्रांतीच्या आधी भावजी गेले. दहाव्याला जमलेले लोक म्हणत होते, मोठा शांत माणूस होता. मला तिथंच हसू आलं असतं. शांत? जेवताना सुद्धा एक पाय चपलेत असायचा त्यांचा. आज देवगाव रंगारी, उद्या सिल्लोड, गुरुवारी छावणी. जिथं बाजार तिथं हा माणूस. घरी असले की रुमाल घडी करायचे, परत उलगडायचे, परत घडी करायचे.

त्या रुमालावर त्यांचं सगळं होतं. शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल विकणाऱ्याचा हात हातात घेतो, वरून रुमाल टाकतो आणि आत बोटं दाबतो. सगळा पंजा दाबला की एवढे हजार, दोन बोटं दाबली की एवढे शंभर. मग तसाच घेणाऱ्याकडं जातो. बाजूला उभ्या माणसाला दोन दाढ्या आणि एक रुमाल, एवढंच दिसतं. हे कशासाठी, ते आमच्यातल्या पोरासोरांनाही कळतं. बाईनं बोकड केवढ्याला विकला हे बाजाराला कळलं तर ती घरी पोचायच्या आधी दीर-भाऊ दारात मागायला उभे. घेणाऱ्यानं केवढ्याला घेतला हे कळलं तर पुढचा विकणारा तेवढंच मागणार. म्हणून रुमाल.

भावजींचा एकुलता पोरगा अंगद. त्याला त्यांनी मेंढराच्या मागं एक दिवस जाऊ दिलं नाही. तो कॉम्प्युटरचा इंजिनियर झाला आणि इथंच एका कंपनीत प्रोग्राम लिहायच्या कामाला लागला. घरात एसी आला. भावजींना त्याखाली सर्दी व्हायची, पण पाहुणा आला की लावायचे.

मग एक दिवस अंगद दुपारीच घरी आला आणि नुसता येरझारा घालायला लागला. तेव्हा मला कळलं की ही चाल त्यानं बापाचीच उचलली आहे.

"काय झालं रं?" भावजी म्हणाले.

"आबा, आता प्रोग्राम मशीनच लिहितं. एआय."

"मंग तू काय करतो?"

"काय लिहायचं ते मी त्याला सांगतो."

"म्हंजे मुकादम झाला की! चांगलं हाय."

"सगळेच मुकादम झालो आबा. कंपनी म्हणती एवढे मुकादम लागत नाय. आम्हाला काढलं."

भावजी उठून अंगणात गेले, आत आले, परत गेले. बापलेक दोघं येरझारा घालतायत आणि मी मधे बसून लसूण सोलतेय, असा सगळा महिना गेला.

त्यातून अंगदनं एक काढलं. ज्या मशीननं नोकरी खाल्ली त्यालाच कामाला लावायचं. फोननं शेळीचा फोटो काढायचा, मशीन वजन सांगणार, भाव सांगणार, आणि पार हैदराबादचा घेणारा तिथून घेणार. बाजारात जायचं कामच नाही. जोडीला त्याच्या कंपनीतली सावनी होती, तिलाही काढलेलं. सावनीचे वडील वैजनाथराव बँकेतून रिटायर झालेले, समर्थनगरला राहणारे. मोठे सभ्य गृहस्थ, पण त्यांचाही जीव थाऱ्यावर नसायचा. आपले पैसे कुठल्या शेअरात घालायचे ते त्यांना फोनमधलं मशीन सांगायचं, आणि ते काय सांगतं ते बघायला चहाच्या दोन घोटांत तीनदा फोन काढायचे. मी विचारलं, "अंगदच्या धंद्यात पैसे घालताय ते मशीनला विचारलं का?" तर म्हणाले, "विचारलं ना वहिनी. ते म्हणालं, घाला." एका मशीननं दुसऱ्या मशीनची सोयरीक जमवली, आणि मधे आमचं पोरगं.

आता मशीनला शेळी ओळखायला शिकवायचं तर फोटो पाहिजेत आणि वजनं पाहिजेत. ती कोण देणार? भावजी. बापलेक बाजारोबाजार हिंडले. अंगद फोटो काढायचा, भावजी शेळीच्या कमरेवर हात दाबून वजन सांगायचे, मग काट्यावर घालायचे. सुरुवातीला मशीन बकरीला कुत्रं म्हणायचं. पुढं पुढं भावजींच्या बरोबरीनं सांगायला लागलं आणि मग त्यांच्यापेक्षा बरं. भावजी दोनदा चुकले, मशीन चुकलं नाही. घरी येऊन त्यांनी मला हे स्वतःच सांगितलं, आणि रुमालाची घडी करायला लागले.

"वैनी," म्हणाले, "मेंढपाळ लोक माझ्या शब्दावर येतील. मी या म्हटलं तर अंगदचं दुकान चालंल. पण मंग मला बाजारात कोण इचारनार? अन् मी नाय म्हटलं तर पोरगं परत येरझारा घालनार. काय करू?"

"घाबरू नका," मी म्हटलं, "तुम्ही तर काय, आधीपासनं येरझाराच घालताय."

हसले. पण झोप नव्हती त्यांना, डोळे लाल दिसायचे.

शेवटी त्यांनी 'या' म्हटलं. पहिला सौदा छावणीलाच करून दाखवायचा ठरला. मीही गेले, मला काय काम होतं? चितेगावच्या मालनबाईनं तिचा मोठा बोकड आणला होता. मालनबाई विधवा बाई, चुलत घराण्यात एकटी. घेणारे सिल्लोडचे हमीदभाई, भावजींचे जुने गिऱ्हाईक. सावनी आणि वैजनाथराव शेणातून पाय उचलून उचलून टाकत आले.

अंगदनं फोटो काढला. आणि फोनमधनं एक बाई बोलायला लागली! चांगल्या शिकलेल्या घरातली असावी असा आवाज. "नमस्कार. आपल्या बोकडाचे अंदाजे वजन..." आणि वजन सांगून तिनं भाव सांगितला. मोठ्यानं. सगळ्या बाजारात.

आमच्या पोरानं मला वाचता येत नाही म्हणून, माझ्यासारख्या बायांसाठी, तो आवाज घातला होता. धनगराच्या पोटी जन्मलेल्या पोराला हे सुचू नये! पण त्याला बापानं बाजारात पाऊल टाकू दिलं नव्हतं ना लहानपणी. त्यानं रुमाल पाहिला होता, रुमालाच्या आतला हात कधी धरला नव्हता.

मालनबाई पेटली. "अरं, माझ्या बोकडाची दवंडी पिटतो व्हय? त्यो बघ, माझा दीर तिकडं उभा हाय! आता मी घरी काय घिऊन जाऊ?"

हमीदभाईंनी कपाळाला हात लावला. "क्या अंगद बेटा, अब सब लोगां मेरेकू येइच भाव मांगते. धंदा डुबाया तू."

सावनी बिचारी म्हणाली, "पण काका, भाव उघड असला तर कुणी फसणार नाही ना?"

"हौ बेटी, तुम्हारे अब्बाकी पेन्शन भी ऐसीच पुकारो चौक में," हमीदभाई म्हणाले. वैजनाथरावांनी खिशातला फोन दाबून धरला.

मालनबाईनं बोकडाला ओढलं आणि निघाली. तिच्या मागं आणखी चारदोन जण आपापली जनावरं घेऊन वळली. अंगदचं तोंड बघवत नव्हतं. भावजींना तिथं नुसतं उभं राहता आलं असतं. काही करायची गरज नव्हती, सगळं आपोआप मोडत होतं आणि त्यांचा बाजार त्यांच्याकडंच राहत होता. मी त्यांच्याकडंच बघत होते. रुमाल या खांद्यावरनं त्या खांद्यावर गेला, परत आला.

मग ते म्हणाले, "अंगद, त्या बाईला गप कर."

अंगदनं आवाज बंद केला. भावजींनी फोन त्याच्या हातातून घेतला, मालनबाईला हाक मारली, तिचा हात धरला आणि हात न् फोन दोन्हीवर रुमाल टाकला. आत मान घालून आकडा बघायचे आणि तिच्या हातावर दाबायचे. मग तसेच हमीदभाईंकडं.

"क्या खंडेराव," हमीदभाई म्हणाले, "फोनकू भी घूंगट डाले क्या?"

बाजार हसला. मालनबाईही हसली. सौदा झाला.

अंगद मात्र हसत नव्हता. तो रुमालाकडं टक लावून बघत होता, आणि बघताना तोंडानं काहीतरी पुटपुटत होता. त्या संध्याकाळी तो मशीनशी बोलत बसला. पूर्वी ज्याला महिना लागला असता ते जेवण व्हायच्या आत झालं म्हणे. उठून आला आणि फोन माझ्या हातात देऊन म्हणाला, "मोठी आई, डोळे मीट."

फोन हातात थरथरला. मोठी थरथर, परत मोठी, मग बारीक बारीक. मोठी म्हणजे हजार, बारीक म्हणजे शंभर. दिसत काही नाही, ऐकू काही येत नाही. पटलं तर आपण बोट दाबून धरायचं, नाही पटलं तर आपण आपल्या बोटानं वाढवून दाबायचं, तिकडं घेणाऱ्याच्या हातात तशीच थरथर.

"आबा, तुम्ही बघा," अंगद म्हणाला.

भावजींनी फोन हातात घेतला. बराच वेळ धरला. "बरोबर हाय," म्हणाले. "जरा हळू दाबायला लाव. एवढं हिसका मारून कुणी दाबत नाय." आणि अंगणात गेले.

अंगदनं ते हळू केलं. मग ते चाललंच. मालनबाईसारख्या बायांना टेम्पोचं भाडं नाही, दिवस मोडत नाही, दिराला पत्ता नाही. खोटं कशाला बोलू, चांगलंच झालं. वैजनाथराव पेढे घेऊन आले, फोन बघत बघत. हमीदभाईंनी सुद्धा फोन घेतला, एकदा भावजींची नजर चुकवून गेले आणि दुसऱ्यांदा तेवढी सुद्धा चुकवली नाही.

भावजी गुरुवारी छावणीला जायचे. उभे राहायचे. लोक रामराम करायचे, तंबाखू विचारायचे, आणि पुढं जायचे. घरी दुपारीच यायचे आणि मला म्हणायचे, "आज गर्दी नव्हती." गर्दी असायची, मला बाजारातला भाजीवाला सांगायचा.

अंगदला दिसत होतं. तो म्हणाला, "आबा, ऑफिसात या. लोकांचे फोन येतात, ते तुम्ही घ्या. तुमचा आवाज वळखतात." भावजी अंगदच्या सिडकोतल्या नव्या ऑफिसात खुर्चीवर बसले. पण फोनवर कुणी भाव विचारला की हे म्हणायचे, "बरं, ये की तू. भेटू." तिकडचा म्हणायचा, "अहो, परभणीतनं कसा येऊ?" हे म्हणायचे, "मंग मी येतो." भाव काही तोंडातून निघायचा नाही. सावनी हसून हसून बेजार. पुढं फोन घ्यायलाही मशीनच बसवलं, आणि भावजी परत घरी. घर, अंगण, फाटक, रस्ता, परत घर. मी म्हटलं, "भावजी, जमीन झिजंल." तर म्हणाले, "वैनी, हाताला लई सुनं सुनं वाटतं वं."

ते गेले त्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांचा फोन वाजला. मालनबाई होती. ती मशीनला सांगत होती, पण तिचं दुखणं मशीनला कळेना, म्हणून तिनं भावजींचा नंबर काढला. तिच्या दोन शेळ्या हमीदभाईंनी घेतल्या होत्या आणि पिकअपवाल्या पोरानं त्या दाव्यासकट चढवून नेल्या. आमच्यात जनावर द्यायचं, दावं द्यायचं नाही. दावं गेलं की गोठ्यातली बरकत गेली. पूर्वी दलाल सौदा झाला की पहिलं दावं सोडून मालकाच्या हातात द्यायचा. आता ते कोण बघणार?

"मी आणतो," भावजी म्हणाले. भाकरी अर्धी ताटात होती.

सिल्लोडची एसटी धरली. हमीदभाईंच्या गोठ्यात गेले. हमीदभाई म्हणाले, "अरे, बाजारात नवी रस्सी मिलती, इसके लिए आया?" पण त्यांनीच शेळ्या धरल्या, भावजींनी दावी सोडली आणि गुंडाळून पिशवीत ठेवली. तिथनं परत शहरात, शहरातनं पैठण रोडनं चितेगावला. मालनबाईनं मला हे सगळं नंतर सांगितलं. दुपार कलली होती, म्हणाली. त्यांनी दावी तिच्या ओंजळीत दिली, तिनं कपाळाला लावली आणि खुंटीला अडकवली. चहा केला. उभ्यानंच प्यायले. जाता जाता गोठ्यातल्या पाटीचा, म्हणजे तरण्या शेळीचा, जबडा उघडून दात बघितले, कुणी विचारलं नव्हतं तरी.

"हिला एवढ्यात इकायला काढू नका," म्हणाले, "अजून अंगानं भरंल." आणि रुमालाला हात पुसत रस्त्याकडं गेले.